“काही आढळले नाही”: किडनी प्रत्यारोपणानंतरची पाच आठवड्यांची हगवण

शौचतपासणीच्या त्या दोन्ही रिपोर्टांवर माझी सही आहे. जंतांची अंडी आढळली नाहीत, सिस्ट (परजीवींची कवचबंद अवस्था) आढळले नाहीत, पू पेशी १ ते २, म्हणजे नगण्य. जी तपासणी मागितली होती, तेवढ्यापुरते दोन्ही रिपोर्ट बरोबर होते. तरीही पहिल्या रिपोर्टपासून खरं निदान होईपर्यंत पंचवीस दिवस गेले आणि त्या पंचवीस दिवसांत एका बाईंची किडनी जाता जाता राहिली.

मी नागपुरातल्या एका रुग्णालयात सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेचं काम पाहते. हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे ते प्रत्यारोपणाचे रुग्ण, त्यांच्या घरचे आणि त्यांना पहिल्यांदा तपासणारे गल्लीतले डॉक्टर या तिघांसाठी. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय आणि गावाचे तपशील बदलले आहेत.

बाई अडतीस वर्षांच्या. सोळा महिन्यांपूर्वी आईची किडनी बसवलेली. सगळं सुरळीत चाललेलं, क्रिएटिनिन (किडनीचं काम बिघडलं की रक्तात वाढतं ते) १.१ वर स्थिर. औषधं नेहमीची तीन: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ५ मिलीग्रॅम. नवी किडनी परकी आहे हे शरीराच्या लक्षात येऊ नये म्हणून ही औषधं रोगप्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात. ती आयुष्यभर घ्यायची. एक दिवसही चुकवायची नाहीत, हे बाईंना पाठ होतं. औषधांच्या डबीत त्यांनी सकाळ-रात्रीचे कप्पे केले होते, आणि मोबाइलला नऊ-नऊचा गजर.

पोळ्याला त्या काटोलकडे माहेरी गेल्या. दोन रात्री राहिल्या. नागपुरात परतल्यावर साधारण आठव्या दिवशी जुलाब सुरू झाले. पाण्यासारखे, दिवसाला दहा-बारा. रक्त नाही, आव नाही, ताप अगदी किरकोळ, पोटात मुरडा. पहिल्या आठवड्यात औषधाच्या दुकानातून जे मिळतं ते घेतलं: ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी, जुलाब थांबवायची गोळी, ओआरएसची पाकिटं. दोन दिवस थोडं कमी झालं, पुन्हा सुरू. अकराव्या दिवशी त्या आमच्याकडच्या मेडिसिन ओपीडीत आल्या आणि पहिला नमुना माझ्या टेबलावर आला. फॉर्मवर दोनच शब्द होते, ‘लूज मोशन’. तपासणीच्या रकान्यात ‘स्टूल रुटीन’.

बाविसाव्या दिवशी त्या प्रत्यारोपणाच्या ओपीडीत गेल्या. वजन ५२ वरून ४८ किलोवर आलं होतं, क्रिएटिनिन १.४. तिथल्या डॉक्टरांनी जो विचार केला तो अगदी पुस्तकाबरहुकूम होता. मायकोफेनोलेटने जुलाब होतात, खूप जणांना होतात, आणि डोस कमी केला की बहुतेकांचे थांबतात. म्हणून डोस निम्मा केला आणि खबरदारी म्हणून पुन्हा एकदा शौच तपासायला पाठवलं. फॉर्म पुन्हा तसाच. रिपोर्ट पुन्हा तसाच. टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी महिन्याभरापूर्वीच तपासली होती, ६.४ आली होती, आणि ही तपासणी खिशाला जड पडते, म्हणून त्या दिवशी ती झाली नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण नंतर चर्चेत बोट कुणाकडे दाखवायचं हा प्रश्न आला. मायकोफेनोलेटवर संशय घेणं चूक नव्हतं. चूक त्यानंतरच्या दोन आठवड्यांत झाली. डोस कमी करूनही जुलाब थांबले नाहीत, तेव्हा ‘औषधाचाच परिणाम’ हे उत्तर पुन्हा तपासून बघायला हवं होतं. कुणी बघितलं नाही, कारण हातात माझे दोन रिपोर्ट होते आणि त्यावर ‘आढळले नाही’ असं छापलं होतं.

बशीतला चहा

छत्तिसाव्या दिवशी बाईंना भरती केलं. वजन ४५ किलो, बीपी ८६ वर ५४, डोळे खोल गेलेले, चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसत होती. क्रिएटिनिन २.६. पोटॅशियम ३.१, बायकार्बोनेट १४, दोन्ही जुलाबाने घसरलेले. प्रत्यारोपण झालेल्या माणसाचं क्रिएटिनिन दुपटीहून वर गेलं की सगळ्यांच्या मनात पहिला शब्द येतो तो रिजेक्शन. शरीराने किडनी ओळखली आणि तिच्यावर हल्ला सुरू केला, हा संशय. त्यावरचा उपाय म्हणजे स्टिरॉइडचे मोठे डोस शिरेतून देणं. किडनीचा बारीक तुकडा काढून तपासायची, म्हणजे बायोप्सीची, तयारी सुरू झाली होती.

त्या रात्री वॉर्डात असलेल्या निवासी डॉक्टर मुलीने एक गोष्ट टिपली. सलाइन चालू असताना बाईंच्या नवऱ्याने त्यांना बशीत चहा ओतून दिला. बशी ओठापर्यंत जाईस्तोवर निम्मा चहा चादरीवर. अशक्तपणामुळे हात जड होतो, असा बारीक आणि भरभर थरथरत नाही. हात पुढे करून बोटं पसरायला सांगितली तर थरथर आणखी स्पष्ट. टॅक्रोलिमस जास्त झालं की हात असेच कापतात. तिने रात्रीच फोन करून सकाळच्या डोसआधीची पातळी पाठवायची ठरवली. आली १८.२. प्रत्यारोपणाला वर्ष उलटल्यावर ही पातळी साधारण ५ ते ८ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवतात.

जुलाब लागले म्हणजे औषध अंगी लागत नसणार, पातळी घसरली असणार, असं कुणालाही वाटेल. टॅक्रोलिमसचं उलटं आहे. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी हे औषध रक्तात पोचण्याआधीच त्याचा मोठा भाग मोडून टाकतात, काही भाग परत आतड्याच्या पोकळीत ढकलतात. तोंडाने घेतलेल्या डोसातलं थोडंच रक्तापर्यंत जातं आणि डोस ठरतो तो हे गृहीत धरूनच. अस्तराला इजा झाली की हा पहारा ढिला पडतो. गोळी तीच, पण रक्तात दुप्पट-तिप्पट औषध उतरतं. वाढलेलं टॅक्रोलिमस किडनीत रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या आवळतं. त्यातच जुलाबाने अंगातलं पाणी गेलेलं. किडनीला दोन्हीकडून मार.

म्हणजे किडनी बिघडायला रिजेक्शनची गरजच नव्हती. पाणी आणि टॅक्रोलिमस एवढ्यानेच सगळ्याचा उलगडा होत होता. आणि टॅक्रोलिमस वाढलं त्याअर्थी आतड्याच्या अस्तराला काहीतरी झालं होतं, तेही लहान आतड्याच्या वरच्या भागात. त्या रात्री रिजेक्शन समजून स्टिरॉइडचे मोठे डोस दिले असते, तर आतड्यात जे काही वाढत होतं त्याला मोकळं रान मिळालं असतं. बायोप्सी दोन दिवस पुढे ढकलली, आणि नंतर तिची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मुलगी प्रयोगशाळेत आली. “मॅडम, यांचं ट्रान्सप्लांट झालंय हे तुमच्या फॉर्मवर होतं का?”

नव्हतं. आणि मीही विचारलं नव्हतं.

एक टक्का ॲसिड

साध्या शौचतपासणीत आम्ही नमुन्याचा कण सलाइनच्या थेंबात आणि आयोडीनच्या थेंबात कालवतो आणि भिंगाखाली पाहतो. जंतांची अंडी, जिआर्डिया, अमिबा यात दिसू शकतात. आता ज्याचा संशय होता तो क्रिप्टोस्पोरिडियम, आतड्यात वाढणारा एक सूक्ष्म परजीवी, मात्र यात निसटतो. त्याचा ऊसिस्ट, म्हणजे शौचातून बाहेर पडणारी कवचबंद अवस्था, जेमतेम ४ ते ६ मायक्रोमीटरचा, तांबड्या रक्तपेशीहूनही लहान. आयोडीनचा रंग तो घेत नाही. शौचातल्या कचऱ्यात आणि यीस्टच्या गोळ्यांत तो असाच मिसळून जातो. पाहणाऱ्याचं लक्ष कितीही असलं तरी काय शोधायचं हे माहीत नसेल तर नजर त्यावरून सरकते.

त्यासाठी ॲसिड-फास्ट रंगक्रिया लागते. टीबीच्या जंतूंसाठी थुंकीवर करतात त्याच घराण्यातली. कार्बोल फुक्सिनचा लाल रंग चढवायचा, मग ॲसिडने धुवायचं, मग मेथिलीन ब्लू. फरक ॲसिडच्या ताकदीत. टीबीसाठी २० टक्के सल्फ्युरिक ॲसिड वापरतात, इथे १ टक्का पुरतं. जोरदार ॲसिडने धुतलं तर ऊसिस्टांचाही रंग निघून जातो. सगळा मिळून अर्ध्या तासाचा खेळ, आणि लागणारी रसायनं टीबी तपासणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेच्या फळीवर असतात.

ताजा नमुना मागवला, तो गाळून, फॉर्मॅलिन-ईथरने घट्ट करून काच तयार केली. तेलाच्या भिंगाखाली पहिल्याच क्षेत्रात निळ्या पसाऱ्यावर गुलाबी-लाल गोल मणी, एका ठिकाणी चार, थोडं सरकल्यावर आणखी सहा. काही आतून दाणेदार, काही पोकळ वाटावेत असे, रंग सगळ्यांचा सारखा नाही. शेजारी यीस्ट होतं, पण ते निळं. भिंगातली मोजपट्टी लावून पाहिलं, ५ मायक्रोमीटर. याच रंगक्रियेत दिसणारे दुसरे दोन परजीवी आहेत: सायक्लोस्पोरा असता तर ८ ते १०चा भरला असता, आणि सिस्टोआयसोस्पोरा लांबट, याच्या चार-पाच पट. मोजमाप करायचं ते यासाठी, कारण त्या दोघांवर कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक चांगलं चालतं आणि क्रिप्टोस्पोरिडियमवर त्याचा काही उपयोग नाही.

मी वॉर्डात फोन केला. मग खुर्चीत बसून जुने दोन्ही फॉर्म काढून पाहिले. दोन्ही वेळचे नमुने केव्हाच टाकून दिलेले, त्यामुळे त्यातही हे होते का हे आता तपासता येणार नव्हतं. असणारच, असं मी धरून चालते.

इतर शक्यताही तपासल्या, कारण प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसात एकाच वेळी दोन संसर्ग असू शकतात. प्रतिजैविकांनंतर जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूचं विष नाही. रक्तात सीएमव्ही, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबलेल्यांना त्रास देणारा सायटोमेगॅलोव्हायरस, नाही. पण आतड्यात सीएमव्ही असूनही रक्त कोरं येऊ शकतं, म्हणून कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठं आतडं पाहणं) करून तुकडे घेतले. मोठ्या आतड्यात सीएमव्हीच्या खुणा नाहीत. लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाच्या तुकड्यात मात्र पेशींच्या कडेला निळसर ठिपक्यांची रांग दिसली. क्रिप्टोस्पोरिडियम पेशीच्या पृष्ठभागालगत एका पिशवीत राहतो, पेशीच्या वेष्टणात पण तिच्या मुख्य द्रव्याच्या बाहेर. औषधं त्याच्यापर्यंत नीट पोचत नाहीत, त्याचं एक कारण ही जागा मानतात.

उपचार, आणि मधलं वळण

निरोगी माणसाला क्रिप्टोस्पोरिडियम झाला तर आठ-पंधरा दिवस जुलाब होतात आणि शरीरच तो निपटून काढतं. पोळ्याला बाईंच्या भावाच्या मुलालाही जुलाब लागले होते, चार दिवसांत बरा झाला, कुणी तपासलंही नाही. हा निपटारा करतात टी-पेशी, रक्तातल्या संरक्षक पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. आमच्या रुग्णाच्या टी-पेशी औषधांनी बांधून ठेवलेल्या. त्यातून या परजीवीचे काही ऊसिस्ट पातळ कवचाचे असतात, ते बाहेर न पडता आतड्यातच फुटतात आणि त्याच माणसाला नव्याने लागण करतात. म्हणून हा आजार आपण होऊन थांबायची वाट पाहण्यात अर्थ नव्हता.

नायटाझोक्सानाइड ५०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर, असं सुरू केलं. हे औषध आपल्याकडे सहज मिळतं आणि फार महाग नाही. पण प्रतिकारशक्ती दाबलेल्या रुग्णांत एकट्या नायटाझोक्सानाइडवर भिस्त ठेवता येत नाही. खरा उपचार म्हणजे प्रतिकारशक्तीला थोडा श्वास घेऊ देणं. ते ठरवणं प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांचं काम, इतर कुणाचंही नाही. त्यांनी मायकोफेनोलेट पूर्ण थांबवलं, टॅक्रोलिमसचे दोन डोस रोखून नंतर कमी डोसवर सुरू केलं, प्रेडनिसोलोन तसंच ठेवलं. शिरेतून सलाइन, बायकार्बोनेट, पोटॅशियम. पित्तनलिकेतही हा परजीवी शिरू शकतो, म्हणून पित्तमार्गाला त्रास झाला की रक्तात वाढणाऱ्या अल्कलाइन फॉस्फेटेजवर नजर. ते वाढलं नाही.

“मॅडम, मायनं देली हाये किडनी. तिले असं जाऊ देऊ काय मी?” तिसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेले तेव्हा बाई म्हणाल्या. त्यांची आई पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसली होती. तिने लेकीच्या पायावरची चादर सारखी केली आणि काहीच बोलली नाही.

पाचव्या दिवसापासून जुलाब उतरले, आठव्या दिवशी दिवसाला तीनवर आले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि नेमकं इथेच दुसरं वळण होतं. अस्तर भरून यायला लागलं की आतड्याचा तो पहारा परत बसतो. ज्या कमी डोसवर पातळी नीट होती, तोच डोस आता अपुरा पडतो. दहाव्या दिवशी टॅक्रोलिमस ३.८ वर. मायकोफेनोलेट बंद, टॅक्रोलिमस कमी, म्हणजे आता रिजेक्शनची भीती खरी. आठवड्यातून दोनदा पातळी तपासायचं आधीच ठरवलं होतं म्हणून हे वेळेत कळलं आणि डोस टप्प्याटप्प्याने वाढवला. जुलाब थांबले म्हणून घरी सोडून महिन्याने बोलावलं असतं, तर काय झालं असतं याचा विचार मला आजही नको वाटतो.

नायटाझोक्सानाइड चौदा दिवसांऐवजी एकवीस दिवस दिलं, कारण चौदाव्या दिवशीच्या काचेवर अजून तुरळक ऊसिस्ट होते. नंतर वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने कोरे आले. मायकोफेनोलेट सहा आठवड्यांनी, निम्म्या डोसवर, परत सुरू झालं.

आलं कुठून

माहेरच्या गोठ्यात पोळ्याच्या आठवड्यात एक वासरू होतं, पंधरा दिवसांचं, त्याला पांढरी हगवण लागलेली. बाईंनी त्याला मांडीवर घेऊन गुळाचं पाणी पाजलं होतं. लहान वासरांच्या हगवणीत क्रिप्टोस्पोरिडियम पार्व्हम नेहमी सापडतो आणि तो माणसाला लागतो. लागण व्हायला दहाच्या आसपास ऊसिस्टही पुरे होतात. तिथे पिण्याचं पाणी विहिरीचं होतं, तोही मार्ग असू शकतो. वासराचा नमुना तपासला गेला नाही आणि आम्ही परजीवीची जात ठरवली नाही, त्यामुळे दोष वासराचा की विहिरीचा हे सांगता येणार नाही. दिवसांचं गणित मात्र दोन्हींशी जुळतं.

घरच्यांचा एक प्रश्न होता, “विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली होती जी, मग कसं?” पाणी शुद्ध करायला टाकतात तेवढ्या क्लोरीनला हा ऊसिस्ट दाद देत नाही. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९९३ साली नळाच्या पाण्यातून सुमारे चार लाख लोकांना याची लागण झाली होती, आणि ते पाणी क्लोरीन घातलेलंच होतं. पाण्याला खळखळून उकळी येऊ द्यायची, एक मिनिट, एवढ्याने तो मरतो. हाताला लावायच्या सॅनिटायझरनेही मरत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळून धुवायचे. बाईंना आम्ही तीनच गोष्टी सांगितल्या: बाहेरगावी उकळलेलंच पाणी, कच्ची कोशिंबीर आणि न तापवलेलं दूध नको, आणि लहान वासरू, पिल्लू दुरून पाहायचं. माहेरी जाऊ नका असं कुणी म्हटलं नाही. पोळ्याला माहेरी न जाणं काय असतं ते विदर्भातल्या बाईला सांगावं लागत नाही.

औषधाच्या दुकानदारांना एक विनंती. प्रत्यारोपणाचा रुग्ण जुलाबाची गोळी मागायला आला तर त्याला गोळी न देता त्याच्या डॉक्टरांकडे परत पाठवा. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल ही साधी वाटणारी औषधंही टॅक्रोलिमस भराभर वाढवतात.

आणि आणखी एक गोष्ट, या प्रकरणाशी थेट संबंध नसलेली, पण नागपुरात बसून लिहिते आहे म्हणून लिहिते. आमच्याकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीहून रुग्ण येतात. अनवाणी चिखलात धानाची रोवणी केलेली माणसं. त्यांच्या आतड्यात स्ट्राँगिलॉइडिस हा जंत वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो, तो मातीतून तळपायाच्या कातडीतून शिरतो. अशा माणसाला दम्यासाठी, संधिवातासाठी किंवा प्रत्यारोपणासाठी स्टिरॉइड सुरू केलं की तो जंत अंगभर पसरू शकतो आणि ते जिवावर बेततं. स्टिरॉइड सुरू करण्याआधी आयव्हरमेक्टिनने तो काढता येतो, फक्त आधी आठवण व्हायला हवी.

आमच्या फॉर्ममध्ये आता एक रकाना वाढला आहे: ‘रुग्ण घेत असलेली औषधे’. तो रिकामा आला तर टेक्निशियन नमुना ठेवून घेतो आणि वॉर्डात किंवा नातेवाइकांना फोन करतो. त्यात टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, मायकोफेनोलेट, अझाथायोप्रिन, मेथोट्रेक्सेट, इन्फ्लिक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांतलं एखादं किंवा रोजचं स्टिरॉइड दिसलं, किंवा जुलाब चौदा दिवसांहून जुने असले, तर कुणी मागो न मागो, एक टक्का ॲसिडची काच होतेच. एक नमुना कोरा आला तर आणखी दोन, वेगळ्या दिवशी, कारण ऊसिस्ट रोज पडतातच असं नाही. लांबून येणाऱ्यांना फॉर्मॅलिनची बाटली आधीच देतो, म्हणजे गोंदियाहून गाडीने येईस्तोवर नमुना खराब होत नाही. हा नियम बसवायला तीन बैठका लागल्या. काम वाढतं ही तक्रार खरी होती, आणि अजूनही आहे.

बाई दर महिन्याला तपासणीला येतात. वजन ५१ किलो. हात स्थिर आहेत. क्रिएटिनिन १.३ वर थांबलं आहे, १.१ वर परत गेलं नाही. मागच्या खेपेला त्यांनी आणलेल्या नमुन्याच्या डबीवर कागद चिकटवलेला होता, बॉलपेनने, त्यांच्याच अक्षरात: ‘किडनी बदललेली आहे. टॅक्रोलिमस चालू.’